दोनच जागांची गाडी

माझ्या रक्ताच्या आणि लग्नाने जोडल्या गेलेल्या नातेवाइकांनो, तुमचं आयुष्यात कधी कशावर एकमत झालं नाही. आईच्या आजारपणात रजा कोणी काढायची यावर नाही, जिन्याच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा यावरही नाही. एका बाबतीत मात्र तुम्ही सगळे एका सुरात बोलता. मी म्हातारपणी दोनच जागांची गाडी घेतली आणि तुम्हाला तिच्यात बसता येत नाही, हे दुःख तुम्ही गेली आठ वर्षं खांद्याला खांदा लावून वाहिलंत. आता वकीलबाई हा कागद मोठ्याने वाचत आहेत आणि मला मध्येच उठून भाषण करता येत नाही, याचं समाधान तुमच्या चेहऱ्यावर असेल. ते पुरवून पुरवून वापरा. कागद लांब आहे.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, व्यवसायाने परिचारिका आणि परिचारिकांच्या संघटनेची निवृत्त सरचिटणीस, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्या डोक्याबद्दल शंका काढली जाईल हे मला ठाऊक आहे, कारण गाडी आली त्या दिवसापासून ती काढली जातेच आहे. म्हणून आमच्या डॉक्टरणीचा दाखला सोबत जोडला आहे. 'स्मरणशक्ती दुर्दैवाने उत्तम' असं तिने लिहिलं होतं, त्यातला 'दुर्दैवाने' वकीलबाईंनी खोडायला लावला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या पुष्कळ दिल्या. त्या सगळ्या या कागदाने रद्द समजाव्यात.

कलम एक. वरच्या मजल्याच्या तीन खोल्या माझ्या कमाईच्या आहेत. त्या धाकट्या बहिणीला. तिला तिथे राहायचं नाही, विकायच्या आहेत. खुशाल विकाव्यात. फक्त 'ताईची खोली विकताना माझा हात थरथरला' असं चार लोकांत सांगू नये. मी नोकरीभर लोकांचे हात बघितले आहेत. तुझा थरथरणार नाही.

कलम दोन. बँकेत जे काही शिल्लक निघेल ते संघटनेच्या संपनिधीला. दादा, तू आत्ता पुटपुटला असशील, 'आजकाल संप होतात कुठे?' होत नाहीत, कारण तुझ्यासारखी माणसं प्रत्येक संपाच्या दुसऱ्या दिवशी 'पण रुग्णांचं काय?' असं विचारतात, आणि उरलेलं वर्षभर रुग्णांना भेटायलाही जात नाहीत.

कलम तीन. पुस्तकांची सहा कपाटं परिचारिकांच्या वसतिगृहाला. दादाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, त्यातलं एकही पुस्तक देऊ नये. त्याने मला एकदा विचारलं होतं, "आत्या, एवढं वाचून तुला मिळालं काय?" मी म्हटलं, "तुझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची ताकद." तो हसला. त्याला ती स्तुती वाटली.

कलम चार. रक्तदाब मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप आणि इंजेक्शनांचा डबा डॉक्टरणीला परत करावा. घरात कोणालाही देऊ नये, आणि त्याचं कारण इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या घरात एक कायदा आहे. तो कोणी केला नाही, कोणी मोडलाही नाही. ज्याला जे येतं, ते जन्मभर त्याच्या गळ्यात. वहिनी नवी लग्न होऊन आली, तेव्हा तिने कौतुकाने दोन पाकिटांवर पत्ते लिहिले. अक्षर मोत्यासारखं निघालं. त्या दिवसापासून या घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक अर्जावर, भाच्याच्या शाळेच्या प्रत्येक वहीच्या कव्हरावर तिचंच अक्षर आहे. धाकटीचा नवरा हुशार. त्याने गळका नळ एकदा दुरुस्त केला, घराचा रागरंग ओळखला, आणि पुढच्या वेळी मुद्दाम सगळ्या न्हाणीघरात पाणी केलं. तेव्हापासून तो सुखात आहे. मला इंजेक्शन देता यायचं आणि गाडी चालवता यायची. म्हणजे माझं काय झालं असेल ते बघा.

तेव्हा माझ्याकडे सात जणांची गाडी होती. ती माझी आहे हे फक्त हप्ते भरताना कळायचं. एरवी ती घराची. कोणाला कळा आल्या, कोणाची परीक्षा आहे, कोणाचे व्याही स्टेशनवर ताटकळत उभे आहेत, की माझ्या दारावर थाप. रात्रपाळी करून आलेली बाई झोपली असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. बसल्यावर वर सूचना: "ताई, जरा हळू." "आत्या, एसी वाढव." मी मोर्च्यांसमोर उभी राहून कामाचे तास, विसावा, माणसाचा मान यांवर गळा बसेपर्यंत बोलायचे आणि घरी येऊन धाकटीच्या सासूला दातांच्या डॉक्टरकडे पोचवायचे. माझ्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही होतात. मागच्या सीटवरून आला होतात.

निवृत्त झाले आणि ती गाडी विकून टाकली. तुम्हाला वाटलं, आता आठ जणांची घेणार.

कलम पाच. गाडी. हे कलम मी घाईने लिहिणार नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या खिडकीतून मला एक गाडी दिसायची. दोन दारं, मागे दुमडणारं कापडी छत, लांब नाक, तारांची चाकं. आमचे मोठे सर्जन तीतून यायचे. फाटकाशी वळताना ते गिअर असा ओढायचे की गाडी किंचाळायची, आणि आम्ही पोरी एकमेकींकडे बघायचो. या हातात लोकांची पोटं देतात? बाकीच्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. मला वाटायचं, माझ्या हातात असती तर मी हिला ओरडू दिलं नसतं. तुम्ही म्हणता, ताईला म्हातारपणी चळ लागला. चळ नव्हे. थकबाकी होती, आणि मी थकबाकी वसूल करण्यातच हयात घालवली आहे.

मी शोधायला लागले आणि या देशातल्या खोटारड्यांचा एक नवाच जिल्हा मला सापडला. पहिला विक्रेता वकील होता. (वकीलबाई, हेही मोठ्याने वाचा.) त्याची गाडी पिकल्या टोमॅटोसारखी लाल. "स्पोर्ट्‌स कार लालच हवी, मॅडम," तो म्हणाला. मी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारावरून फिरवलं. पत्र्याला चुंबक चिकटतं, गंज लपवायला भरलेल्या पुट्टीला चिकटत नाही. वर चिकटलं, कमरेखाली आलं आणि गळून पडलं.

"हे दार आहे की भिंत?"

"अहो, थोडंफार भरून घ्यावंच लागतं."

मी पायाखालचं रबर उचललं, तर खाली रस्ता दिसला. "हवा खेळती राहते," म्हणाला. शपथेवर बोलायची सवय असलेला माणूस.

दुसऱ्याची गाडी बाहेरून नवरीसारखी. बॉनेट उघडलं तर आत सामान वाहणाऱ्या टेम्पोचं इंजिन. मी विचारलं तर म्हणतो, "इंजिन कोण बघतंय?" त्याच्या तोंडून चुकून एका अख्ख्या जमातीचं ब्रीदवाक्य बाहेर पडलं होतं, हे मला पुढे क्लबात गेल्यावर कळलं.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा क्लब आहे. पांढरे हातमोजे घालून ते आपल्या गाड्यांना हात लावतात, आणि त्या गाड्या प्रदर्शनाला ट्रकवर चढवून आणतात. चालवत आणत नाहीत. धूळ बसते ना! सर्वांत कमी चाललेल्या गाडीला तिथे करंडक मिळतो. सर्वांत कमी बोललेल्या वक्त्याच्या गळ्यात हार घालावा, तसं हे. मला तिथल्या अध्यक्षांनी विचारलं, "मिस्टर आले नाहीत?" म्हटलं, मिस्टर नाहीत. "मग गाडी कोणासाठी बघताय?" असं विचारताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरीखुरी अडचण होती. मी घराण्यांचे इतिहास पुष्कळ वाचले आहेत. उतरती कळा लागलेली घराणी घोडे लगेच विकत नाहीत. आधी घोड्यावर बसणं सोडतात आणि घोड्याची कुळकथा सांगायला लागतात. हा क्लब त्या अवस्थेला पोचलेला आहे.

गाडी मिळाली ती समाचाराला गेले तिथे. माझे दातांचे डॉक्टर वारले होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "गाडी बघणार ना? येणारा प्रत्येक जण आधी तीच बघतो." गॅरेजमध्ये तीन चादरींखाली ती उभी होती. सायीच्या रंगाची. तीच दोन दारं, तेच नाक, तारांची चाकं.

"दर रविवारी ते हिच्यात जाऊन बसायचे," ती सांगत होती. "सुरू करायचे, आवाज ऐकायचे, बंद करायचे. बाहेर काढायचे नाहीत. मला म्हणायचे, चपला काढून बस. मी म्हटलं, देवळात जाईन तेव्हा काढीन. बसलेच नाही."

मी चुंबक फिरवलं. ते दारांना, मडगार्डांना, बुडाला, सगळीकडे चिकटत गेलं. छत उंदरांनी कुरतडलं होतं, टायर लाकडासारखे कडक झाले होते, पेट्रोलचा काटा मेलेला. पण पत्रा खरा होता आणि इंजिन तिचं स्वतःचं होतं. मी भाव विचारला. ती म्हणाली, "विचार करून सांगते. क्लबातले सगळे येऊन गेलेत. गाडीशी बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही."

मी घरी सांगितलं आणि घरात बैठक भरली. मला बोलावलं नाही, कारण विषय मी होते. ठराव झाला की दादाने जाऊन हे प्रकरण थांबवावं. आता दादा, तू तिथे काय बोललास ते मला त्या बाईने शब्दन् शब्द सांगितलं आहे, आणि तुझ्या बायकामुलांनाही ते कळलंच पाहिजे. तू टोपी मांडीवर ठेवून गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "वहिनीसाहेब, डॉक्टरांनी जिवापाड जपलेली वस्तू तुम्ही कोणाच्या हातात देताय? माझी बहीण ही गाडी जपणार नाही. ती हिला रोज बाहेर काढेल. उन्हात नेईल, धुळीत नेईल, भाजी आणायला नेईल. दोन वर्षांत घासून घासून संपवेल."

त्या बाईने तुला चहा पाजला. तू जिना उतरलास आणि तिने मला फोन केला. "उद्या येऊन घेऊन जा. भावाचं कमी करू नका, फार चांगला माणूस आहे. त्यानेच माझं मन वळवलं." क्लबवाल्यांपेक्षा तिने मला भाव कमीच सांगितला. आयुष्यात एकदाच तू माझी बाजू मांडलीस दादा, आणि तीही माझ्यापेक्षा चांगली. तुला अजून वाटतं की त्या बाईला व्यवहार कळला नाही.

आमच्या मेकॅनिकला सगळे महाराज म्हणतात, कारण तो पाना कमी आणि प्रवचन जास्त चालवतो. त्याने "होऊन जाईल, ताई" हे तीन शब्द महिनाभर म्हटले आणि एक दिवस खरंच झालं. चोक ओढला, किल्ली फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा बोलायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा गिअर मी लोण्यातून सुरी फिरावी तसे टाकले. ती ओरडली नाही. इतकंच. त्या रस्त्यावर मला काय वाटलं ते तुमच्यासमोर वाचलं जावं अशी माझी इच्छा नाही.

घरापाशी आले तर तुम्ही सगळे गच्चीत. धाकटी वरूनच ओरडली, "अगं, मागची सीट कुठाय?"

"कारखान्यातच राहिली."

"मग सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं कसं?"

"रिक्षाने. मी भाडं देते."

"म्हणजे आम्ही आता परके?"

धाकटे, गाडीत जागा नाही म्हणून जे नातं तुटतं, ते सीटच्या चामड्यावरच शिवलेलं असतं. तेव्हा म्हणाले नाही. आता लिहून देते.

त्या आठवड्यात घरातलं एकच माणूस खाली आलं. वहिनी. पदराला हात पुसत आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "वन्सं, यात माझं वजन चालेल ना?" ती पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली, तेव्हा मला आठवलं की सात जणांच्या गाडीत ही नेहमी मधल्या रांगेच्या मधोमध बसायची, मांडीवर कोणाची तरी पिशवी घेऊन. बंद पडलेल्या कापड गिरणीच्या आवारात मी तिला गाडी शिकवली. पहिल्या दिवशी तिने क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडाली. ती इतकी हसली की दार उघडून बाहेर जाऊन बसली. नंतर मात्र हात बसला. माझ्यापेक्षा हलका हात आहे तिचा. तिने परीक्षा दिली, परवाना काढला.

होय दादा. तुझ्या बायकोकडे गाडी चालवायचा परवाना आहे. भाच्या, तोंड मिट.

"ह्यांना सांगू नका हं," ती मला म्हणाली होती. "कळलं तर उद्यापासून सगळ्यांची ने-आण माझ्या गळ्यात." म्हणजे घराचा कायदा तिला माझ्याआधी उमजला होता. दर गुरुवारी ती तुम्हाला सांगायची की वन्संबरोबर दवाखान्यात जाते, गुडघ्यासाठी. गुडघे तिचे ठणठणीत आहेत. गुरुवारी गाडी ती चालवायची आणि मी बाजूला बसून तोंड चालवायचे.

मागल्या हिवाळ्यात माझं खुब्याचं हाड मोडलं आणि मी इस्पितळात पडले. तेव्हा भाच्याने एका हॉटेलवाल्याला घरी आणलं. हे मला तळमजल्यावरच्या शिंपीणबाईने सांगितलं, कारण तिची मोजायची टेप त्यांनी मागून नेली होती. हॉटेलच्या दर्शनी दालनात एक गोल फिरता चौथरा बांधायचा आणि त्यावर गाडी ठेवायची, असा त्या गृहस्थाचा विचार. त्याने लांबी मोजली, रुंदी मोजली आणि भाच्याला विचारलं, "इंजिन काढून टाकलं तर वजन किती कमी होईल?" भाचा म्हणाला, "विचारून सांगतो." विचारून! कोणाला? माझ्या खुब्याला? आणि वहिनी तिथे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने दोघांना चहा दिला. मला भेटायला आली तेव्हा मात्र डबा उघडता उघडता रडली. "ते म्हणतात, वन्संनंतर ठेवून करायचं काय? चालवणार कोण आहे घरात?"

तर चालवणार कोण, ते सांगते. गाडी, तिची दोन्ही किल्ल्यांची जुडी, कागद, जॅक, पाने आणि महाराजांची सगळी प्रवचनं मी वहिनीच्या एकटीच्या नावे करते. तिचा नवरा, मुलगा किंवा आणखी कोणी यांचा त्यावर कसलाही हक्क नाही. मी तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "नको वन्सं, घरात रामायण होईल." मी तिचा नकार कार्यवृत्तात नोंदवून घेतला आणि फेटाळला. जन्मभर तिला न विचारता तिच्यावर लादलं गेलं. एकदा तिचं न ऐकता दिलं गेलं तर बिघडलं कुठे?

पण एक अट आहे. वकीलबाईंनी ती घालू नका म्हणून माझ्याशी तासभर वाद घातला आणि हरल्या. 'बघू, सवडीने घेईन' म्हणून वहिनीने किल्ली आज कपाटात ठेवली, तर ती कपाटातच राहील. महिन्याभरात तुम्ही तिला गोड बोलून, रडून, रुसून सही करायला लावाल, आणि ती करेल, वळणदार अक्षरात. म्हणून ही गाडी तिला आत्ता, तुम्हा सर्वांच्या देखत, या खोलीतून उठून, खाली जाऊन सुरू करावी लागेल. तिने ती सुरू करून रस्त्यावर नेली तर ती तिची. नेली नाही तर गाडी हॉटेलवाल्याला विकावी, इंजिन काढून चौथऱ्यावर ठेवावी, आणि येणारे पैसे तुम्हा सगळ्यांत सारखे वाटावेत. वहिनीलाही तिचा वाटा मिळेल. कोणावर अन्याय होणार नाही.

दादा, तिला अडवायला तू उठशील. बस खाली. ती परत कधी येईल हे विचारू नकोस. तुझ्या चहाची वेळ मला माहीत आहे, आणि गॅसची शेगडी कुठे आहे हे तुला शिंपीणबाई दाखवतील.

वकीलबाई आता कागद बाजूला ठेवतील आणि किल्ली टेबलावर ठेवतील.

वहिनी, कोणाकडेही बघू नकोस. ऊठ, ती किल्ली उचल, खाली जा आणि गाडी सुरू कर.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि खालील दोघींच्या समक्ष सही केली. त्या दोघींनी माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सह्या केल्या. दोघींना स्वतःला यातून काहीही मिळणार नाही.

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिली: शिंपीणबाई, तळमजला (सही)

साक्षीदार दुसरी: संघटनेची आजची सरचिटणीस (सही)

ठिकाण: याच घराचा वरचा मजला, जेवणाचं टेबल

दिनांक: नऊ फेब्रुवारी, गुरुवार